कॅचरची पितळी पाटी

श्रीपाद घैसास यांच्या उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून वाकडी होती. नोकरीतल्या सहकाऱ्यांना तो कारखान्यातला अपघात वाटे. प्रत्यक्षात ती बेसबॉलच्या चेंडूने तीन वेळा मोडली होती, तिन्ही वेळा उन्हाळ्यात, आणि त्या तिन्ही दिवसांच्या नोंदींप्रमाणे श्रीपाद घैसास नावाचा कोणीही मनुष्य मैदानावर हजर नव्हता.

ते मूळचे सांगलीचे. १९८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आले. विषय होता इंजिनातल्या झडपांची झीज. पुढे शहरातल्याच एका कारखान्याच्या चाचणी विभागात नोकरी मिळाली आणि तीच कायम राहिली. कोणत्या भाराखाली गिअरचा कोणता दात तुटतो, हे लिहून ठेवणे हा त्यांचा पेशा होता.

सांगलीत ते कॉलेजच्या संघाचे यष्टिरक्षक होते. ब्राउनश्वाइगमध्ये क्रिकेट होते ते ब्रिटिश छावणीतले, तारेच्या कुंपणापलीकडचे. १९८२ च्या वसंतात ओकर नदीकाठच्या मैदानावर काही जर्मन तरुण एका पुस्तकावरून बेसबॉल शिकताना त्यांना दिसले. फलंदाजाच्या मागे बसून वेगवान चेंडू अडवायला त्यांच्यात कोणी तयार होत नव्हते. बेसबॉलमध्ये या जागेवरच्या खेळाडूला कॅचर म्हणतात. श्रीपादना ते काम येत होते. शिवाय ते तास तास उकिडवे बसू शकत होते, आणि जर्मन गुडघ्यांना तो सराव नव्हता. महिन्याभरात ते ‘ओकर ओटर्स’ या नव्या क्लबचे कॅचर झाले.

पुढच्या वर्षी क्लब प्रादेशिक लीगमध्ये उतरला. लीगचा नियम असा होता, की एका वेळी मैदानावर दोनच परदेशी खेळाडू असावेत. विद्यापीठातले दोन अमेरिकन विद्यार्थी त्या दोन जागांवर होते, आणि त्यांच्यावाचून संघ उभाच राहिला नसता. श्रीपाद बाकावर गेले. नोंदणीकृत जर्मन कॅचर होता उवे ब्रांट, विमा कंपनीत उमेदवारी करणारा एक हसरा तरुण. नवव्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याचा स्पीलरपास, म्हणजे खेळाडूचे ओळखपत्र, मात्र शाबूत होता. त्यावर छायाचित्र नव्हते.

क्लबचा संस्थापक आणि प्रशिक्षक देत्लेफ हार्टविग हा एका शाळेत व्यायामशिक्षक होता. त्या शनिवारी त्याने तो पास श्रीपादच्या हातात ठेवला.

“आज तू उवे.”

“अंपायर बघेल की.”

“काय बघेल? कॅचरच्या तोंडावर जाळी असते. बॅटिंगला हेल्मेट. तू फक्त तोंड उघडू नकोस, श्री. तुझं जर्मन ऐकलं तर मग मी काही करू शकत नाही.”

सगळे हसले. श्रीपादही हसले. अंपायर शेजारच्या गावच्या क्लबचा होता आणि त्याच्या क्लबलाही अशाच अडचणी होत्या. त्याने पासवरचा क्रमांक तपासला, चेहरा तपासला नाही.

त्या दिवशी आणखी एका व्यक्तीला सूचना द्यावी लागली. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून क्लबचे स्कोअरबुक लिहीत असत त्या श्रीपादच्या पत्नी, शुभा. मिरजेच्या शाळेत त्यांनी चार वर्षे गणित शिकवले होते. ब्राउनश्वाइगमध्ये त्यांच्या पदवीला मान्यता मिळाली नाही, आणि भाषाही येत नव्हती. स्कोअरबुकातल्या चौकटी, रेघा आणि आकडे यांना भाषा लागत नव्हती. पहिल्याच मोसमात ते काम त्यांच्याकडे आले आणि पुढे दुसऱ्या कोणाकडे गेले नाही. वाद झाला, की प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षकसुद्धा म्हणे, “बाईंची वही बघा.”

देत्लेफने त्यांना सांगितले, की कॅचरच्या रकान्यात ब्रांट हेच नाव चालू ठेवायचे. शुभांनी नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने मान हलवली. ज्या घरात त्या वाढल्या तिथे बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नसत. जर्मन कचेऱ्यांतल्या अर्जांवर ते दर वेळी लिहावे लागे आणि दर वेळी त्यांना अवघडल्यासारखे होई. ब्रांट हे नाव लिहिताना काहीच वाटले नाही, उलट हात मोकळा चालला. दुसऱ्या एखाद्या बाईने पेन्सिल थांबवून निदान एक प्रश्न विचारला असता.

असे तीन मोसम, अठ्ठावन्न सामने. १९८४ मध्ये क्लबने लीग जिंकली. ते त्याचे पहिले आणि आजवरचे एकमेव विजेतेपद. १९८६ मध्ये दोघांपैकी एक अमेरिकन विद्यार्थी परत गेला, परदेशी खेळाडूची एक जागा रिकामी झाली आणि श्रीपादना स्वतःच्या नावाचा पास मिळाला. त्यावर ते अकरा सामने खेळले. मग देत्लेफला एकोणीस वर्षांचा एक जर्मन कॅचर सापडला. श्रीपादकडे लहान मुलांच्या सरावाचे काम आले आणि ते त्यांनी पंधरा वर्षे केले.

२००६ च्या शरद ऋतूत क्लबने पंचविसाव्या वर्धापनदिनाची तयारी सुरू केली. ठरले असे, की क्लबघराच्या भिंतीवर मैदानाच्या आकाराचा एक लाकडी फलक लावायचा आणि त्यावर खेळाच्या नऊ जागांवर नऊ पितळी पाट्या बसवायच्या. चेंडू टाकणारा पिचर, कॅचर, चार जण आतल्या मैदानातले, तीन बाहेरच्या. पहिल्या दशकात त्या त्या जागेवर जो सर्वश्रेष्ठ ठरला त्याचे नाव पाटीवर. निवड समितीत तिघे होते: देत्लेफ, उवे आणि श्रीपाद. यादी तयार करायची शुभांनी.

देत्लेफ कोणाला निवडेल याचा श्रीपादना अंदाज होता. ज्यांच्याबरोबर तो बिअर पितो त्यांना. म्हणून त्यांनी पहिल्याच बैठकीत एक नियम मांडला: आठवणींवर जायचे नाही, स्कोअरबुकावर जायचे. त्या जागेवर किमान चाळीस सामने नोंदलेले असतील त्याचाच विचार व्हावा.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” देत्लेफ लगेच म्हणाला. “आकडे खोटं बोलत नाहीत.”

उवेने नियम लिहून घेतला आणि तिघांनी खाली सही केली.

हा नियम आपल्यालाच बाहेर ठेवील हे श्रीपादच्या ध्यानात कसे आले नाही? उत्तर साधे आहे. त्या अठ्ठावन्न सामन्यांत जाळीमागे कोण होते हे संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि जे सगळ्यांना ठाऊक आहे ते मोजताना आपोआप धरले जाईल, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत त्यांनी सांगलीहून आणली होती. आयुष्यभर चाचणी अहवाल लिहिणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक व्हायला नको होती. कारखान्यात त्यांनी ती कोणाला करूही दिली नसती. पण क्लबला ते कारखाना मानत नव्हते. या देशातली ती एकच जागा होती जिथे आपल्याला गृहीत धरतात, असे त्यांना वाटत आले होते. त्यांना गृहीत धरले जात होते, हे खरेच होते.

जानेवारीतल्या एका दुपारी शुभा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा वह्या मांडून बेरजा करत होत्या. श्रीपाद समोर बसले होते.

“कॅचर,” शुभा म्हणाल्या. “ब्रांट, सदुसष्ट.”

“त्यातले अठ्ठावन्न माझे.”

“हो.”

“मग खाली टीप घाल ना. अमुक ते अमुक सामने घैसास खेळले म्हणून.”

शुभांनी चष्मा काढला. “टीप कशाच्या आधारावर? वहीत तसं नाहीये.”

“वहीत नाहीये, कारण तू लिहिलं नाहीस!”

“मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही मान हलवलीत.”

श्रीपादनी हात टेबलावर पसरला. “हे बोट बघ. उवेची सगळी बोटं सरळ आहेत. एवढं तरी पुरावा म्हणून चालेल की नाही?”

“बोट जोडायचंय का यादीला? जोडू या. स्टेपलर आणा.”

त्या हसल्या, पण श्रीपाद हसले नाहीत. मग शुभांनी वही मिटली.

“अहो, एक ओळ खोटी आहे असं मी म्हटलं, की अकराच्या अकरा वह्या खोट्या. मग बाकी आठ जणांचे आकडे तरी कोण मानणार? आणि मला इथं काय म्हणून ओळखतात, सांगा बरं. पंचवीस वर्षं झाली. शेजारी मला घैसासांची बायको म्हणतात. क्लबात मला वह्यांची बाई म्हणतात. एवढंच आहे माझ्याकडे.”

“आणि माझ्याकडे काय आहे?”

“तुम्हाला नोकरी होती,” शुभा म्हणाल्या आणि पुन्हा बेरजेकडे वळल्या.

त्या आठवड्यात श्रीपादनी मुलीला फोन केला. देवश्री बॉनला एका मोठ्या कंपनीत वकील होती. तिने सगळे मराठीत शांतपणे ऐकून घेतले आणि नेहमीप्रमाणे उत्तर जर्मनमध्ये दिले.

“पापा, तुम्ही लोकांनी तेव्हा फसवणूक केलीत. आता त्या फसवणुकीचं बक्षीस हवंय का तुम्हाला?”

“मी खेळलो, देवू.”

“खेळलात. पण दुसऱ्याच्या नावावर. आल्झो, म्हणजे दोन्ही एकदम मागता येत नाही.”

तिचे म्हणणे कायद्याला धरून होते. श्रीपादना त्यात चूक काढता आली नाही. मुलीला लहानपणी बेरजा आपणच शिकवल्या होत्या, एवढे मात्र त्यांना आठवले.

फेब्रुवारीत ते क्लबघरात गेले. देत्लेफ आणि उवे फलकाचा आराखडा बघत होते. देत्लेफ आता निवृत्त झाला होता आणि उवे विम्याच्या शाखेचा प्रमुख. श्रीपादनी उभ्याउभ्याच मुद्दा मांडला.

“अरे, पण आम्हाला माहीत आहे ना, श्री!” देत्लेफने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मला माहीत आहे, उवेला माहीत आहे. ज्यांना माहीत असायला हवं त्या सगळ्यांना माहीत आहे. आणखी काय हवं?”

“मग तसं लिही.”

“लिहिलं की चौऱ्याऐंशीचं विजेतेपद गेलं. बेकायदा खेळाडू. लीग एका ओळीच्या पत्रानं काढून घेईल. आणि बाकीचे आठ? त्यातले दोघे वारले आहेत. त्यांच्या बायकांना जाऊन तू सांगणार, की तुमच्या नवऱ्यांची पदकं खोटी होती?”

“उवे, तू तरी बोल.”

उवेने खुर्ची पुढे ओढली. त्याला हे बोलणे आवडत नव्हते, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. “हे बघ, श्री, मला त्या पाटीत काही मजा नाही. पण नातवंडांना सांगून झालंय. आणि एक गोष्ट खरी आहे. माझा पास नसता तर तीन वर्षं तू बाकावर बसला असतास. तू खेळलास ते माझ्यामुळे.”

“आणि तू जिंकलास ते माझ्यामुळे.”

“गेनाऊ!” उवे हसला. “म्हणजे फिटलं की.”

देत्लेफही हसला. मग समजूत घालण्याच्या सुरात म्हणाला, “आणि तुझं नाव तिथं नाहीच असं कुठंय? फलकाच्या खाली बारीक अक्षरात येणार आहे. ‘नोंदी: शुभा घैसास’. घैसास तर भिंतीवर असणारच.”

श्रीपाद म्हणाले, की वार्षिक सभेत ते या विषयावर बोलणार आहेत.

“जरूर बोल. सभेत सगळ्यांना बोलता येतं,” देत्लेफ म्हणाला. “फक्त मग मला शुभाला विचारावं लागेल. सगळ्यांसमोर. नियम तुझाच आहे, श्री. वह्यांवर जायचं.”

या दोघांना दुष्ट म्हणता येणार नाही. श्रीपादच्या मुंजीपासूनच्या फोटोंचा अल्बम देत्लेफने कौतुकाने पाहिला होता. उवेने देवश्रीला सायकल शिकवली होती. त्यांनी श्रीपादचे नुकसान करायचे ठरवले नव्हते. एक टिकवण्यासारखी गोष्ट आहे आणि ती टिकवायला एका माणसाचे गप्प राहणे पुरेसे आहे, एवढेच त्यांनी पाहिले. तो माणूस पूर्वीही गप्प राहिला होता. त्याच्याकडून तेवढेच पुन्हा मागण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही.

सभा मार्चमधल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता होती. घरून निघताना श्रीपाद शुभांना म्हणाले, “मी बोलणार आहे.”

“बोला,” शुभा म्हणाल्या आणि कागदांचे फोल्डर पिशवीत ठेवले. गेली बारा वर्षे सभेचे इतिवृत्तही त्याच लिहीत होत्या.

क्लबघरात बेचाळीस सभासद होते, कॉफी होती, सफरचंदाचा केक होता. फलक एका कोपऱ्यात तिकाटण्यावर ठेवलेला होता. श्रीपाद जवळ गेले. नऊच्या नऊ पाट्या कोरून, घासून, स्क्रूने बसवलेल्या होत्या. कॅचरच्या जागी उवे ब्रांट हे नाव आणि सदुसष्ट हा आकडा होता. मतदान अजून व्हायचे होते.

देत्लेफने एकेक नाव वाचले. वारलेल्या दोघांच्या वेळी सगळे उभे राहिले. आठ नावे झाली. कॅचरचे नाव वाचले गेले तसे श्रीपाद उठले.

“मला यावर बोलायचंय.”

“अर्थात,” देत्लेफ म्हणाला. “त्याआधी इतिवृत्तासाठी एकच प्रश्न.” तो शुभांकडे वळला. “शुभा, या नोंदी सगळ्या तुझ्या हातच्या. तू जे लिहिलंस त्याची खात्री आज आम्हाला देशील?”

शुभांनी पेन खाली ठेवले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही. समोरची सगळी माणसे त्यांच्याकडे बघत होती, आणि पंचवीस वर्षांत त्या खोलीत एवढ्या माणसांनी त्यांच्याकडे एकदम कधी बघितले नव्हते.

“देते,” त्या स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या. “प्रत्येक ओळीची.”

मग टेबलांवर बोटांची पेरे वाजू लागली. सभेत पसंती दाखवायची ती तिथली रीत. आधी म्हाताऱ्यांची टेबले वाजली, मग सगळी. ते सगळे शुभांसाठी होते. त्यांचे कान लाल झाले. उवेही वाजवत होता.

आवाज थांबल्यावर देत्लेफ म्हणाला, “हां, श्री. तुझं?”

श्रीपाद अजून उभेच होते. आता बोलणे म्हणजे शुभा खोटे बोलल्या असे सगळ्या सभेला सांगणे होते.

“विशेष काही नाही,” ते म्हणाले. “कॅचरच्या कामाविषयी दोन शब्द बोलणार होतो.”

“बोल की!” मागून कोणी ओरडले. “याला समजतं त्यातलं. मुलांना हाच शिकवायचा.”

आता न बोलता खाली बसणे शक्य नव्हते. श्रीपाद बोलले. त्यांनी सांगितले, की एका सामन्यात कॅचर दीडशे वेळा उकिडवा बसतो आणि दीडशे वेळा उठतो. बाकी आठ जण ज्या दिशेला तोंड करून उभे असतात तिच्या उलट दिशेला तो तोंड करून बसतो, त्यामुळे सबंध मैदान त्या एकट्यालाच दिसते. फलंदाजाच्या बॅटला घासून आलेला चेंडू कुठे लागेल हे कोणालाच सांगता येत नाही, तरी डोळे मिटायचे नसतात. मिटले, की चेंडू सुटतो. ते चांगले बोलले. खोलीत कोणी केकला हात लावला नाही.

उवेने उठून त्यांना मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. “माझ्याबद्दल इतकं सुंदर कोणी बोललं नव्हतं,” तो म्हणाला, आणि ते खरेच असावे.

मतदान हात वर करून झाले. बाजूने कोण, देत्लेफने विचारले आणि मोजले. विरोधात कोण. कोणी नाही. तटस्थ कोण. कोणीच नाही.

“एकेचाळीस,” तो म्हणाला. “आपण बेचाळीस आहोत. बेरीज जमत नाही. पुन्हा एकदा. बाजूने?”

तो श्रीपादकडे बघत नव्हता, छताकडे बघत वाट पाहत होता. शुभांचे पेन कागदावर टेकलेले होते. श्रीपादनी हात वर केला.

“बेचाळीस,” देत्लेफ म्हणाला. “आभार.”

परतीच्या ट्रामला गर्दी नव्हती. शुभा खिडकीपाशी बसल्या, मांडीवर फोल्डर. केकचा उरलेला तुकडा देत्लेफच्या बायकोने कागदात बांधून दिला होता, तो त्यांनी पिशवीत नीट सरळ केला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुमच्यामुळे देत्लेफला दोनदा मोजावं लागलं.”

“हो.”

“ते मी इतिवृत्तात घेतलं नाही. ‘एकमताने’, एवढंच लिहिलंय. उगाच कशाला कोणी विचारावं, एक हात कुणाचा राहिला म्हणून. तुमच्यासाठीच केलं मी ते.”

ट्राम वळली. श्रीपाद घैसास यांनी पत्नीचे आभार मानले.